वाकडा गडगा

मे महिन्याच्या अखेरीस लवूने पडका गडगा पुन्हा उभा केला, आणि तो मुद्दाम वाकडा घातला असं जनीने वाडीभर सांगितलं.

आदल्या पावसाळ्यात ओढा फुगला तेव्हा दोन भावांच्या मळ्यांमधली ही हद्दीची दगडी भिंत मधोमध ढासळली होती. आत्माराम थोरला, जनीचा नवरा, लवू धाकटा. वाटण्या होऊन वर्षं लोटली होती, पण नांगरणी, लावणी, झोडणी अजून एकत्रच व्हायची. आज याच्या मळ्यात, उद्या त्याच्या. आत्मारामच्या गुडघ्यांनी आता दगा दिला होता, म्हणून गडग्याला लवू एकटाच लागला. ओढ्यात गेलेले जांभ्याचे दगड त्याने पाठीवरून वर आणले, दोरी ताणली आणि एकावर एक दगड बसवत काम पुरं केलं. हातांची सालटं निघाली होती.

जनी म्हशीला पाला आणायला म्हणून त्या बाजूला गेली. गडग्याच्या टोकाशी उभी राहिली, सहज नजर टाकली आणि थबकली. गडगा मधे सुटला होता. गाभण म्हशीच्या पोटासारखा तिच्या मळ्यात आला होता. ती पुढे गेली, मागे आली, वाकून बघितलं. वाकडाच.

तिचा डावा डोळा लहानपणापासून मंद होता. झोडणीत भाताचं कुसळ डोळ्यात गेलं होतं, आणि तेव्हा कोण डॉक्टरकडे नेतंय. उजव्या डोळ्यावरच तिने सगळा संसार ओढला होता. सुपातल्या तांदळातला खडा तिला उभ्या उभ्या दिसायचा. त्या डोळ्याने आजवर तिला कधी फसवलं नव्हतं.

"लवूने गडगा आपल्यात सारलान," घरी येऊन तिने पाल्याचा भारा टाकला.

आत्माराम काठी टेकत गेला आणि बघून आला. "मला काय तसा वाटत नाय गो."

"तुमाला भाऊ दिसतो. गडगा नाय दिसत."

लवूला तिने मळ्यातच गाठलं. "दोरी लावून घातलाय, वैनी," तो म्हणाला. "जुना पाया हाय त्यावरच." पाया ओढ्याने धुऊन नेला होता, हे दोघांनाही माहीत होतं. शब्दाला शब्द लागला. लवूची बायको आनंदी मधे पडली, तिलाही जनीने सोडलं नाही.

मे महिना, चाकरमानी घरोघर आलेले. जनीचा मुलगा विनोदही मुंबईहून आला होता. सहाणेवर, देवाच्या पालखीच्या चौथऱ्यावर, पाण्याच्या टाकीसाठी बैठक बसली होती, तिथं जनी उभी राहिली. बायका सहसा बोलत नसत, पण ती बोलली. गावकार आप्पांनी दोन माणसं मळ्यात धाडली. ती बघून आली आणि म्हणाली, "आमाला तर सरळ दिसतो."

"दिसंलच," जनी म्हणाली. "तुमी त्याच्या पंगतीला जेवणारी माणसं." मग लवूकडे वळून तिने सगळ्यांदेखत म्हटलं, "भावाचे गुडघे गेले बघून चोरी केलीस. बापाच्या जमिनीत चोरी केलीस."

 लवूने थोरल्या भावाकडे बघितलं. आत्माराम खाली मान घालून काठीच्या टोकाने माती उकरत होता. लवू उठला, चपला पायात सरकवायचंही भान नव्हतं त्याला, तशाच हातात घेऊन घरी गेला.

त्या दिवसापासून दोन घरांमधलं येणंजाणं तुटलं. आनंदी विहिरीवर भेटली तर "वाट सोडा तुमी, मला जाऊ द्या," म्हणायची. लग्न होऊन आल्यापासून दोघी जावा एकमेकींना अगंतुगं करत आल्या होत्या. जनीला तो 'तुमी' दगडासारखा लागायचा, पण ती वाट सोडत नव्हती.

पाऊस लागला, तरवा, लावणीची भातरोपं, हिरवागार वर आला. आणि जनीच्या डोळ्यापुढे काहीतरी निराळंच सुरू झालं. आधी दाराची चौकट मधे चेपल्यासारखी दिसे. मग चुलीवरच्या टोपाचा मधला भाग पुसला जाई. कड दिसे, मधे राखाडी डाग. भाकरी थापताना भाकरीच्या मधोमध काही नसे. ती डोळा चोळी, पाणी मारी, धुराला दोष देई. एका सकाळी आत्माराम दारात येऊन उभा राहिला. सदरा दिसला, कान दिसले, डोक्यावरची टोपी दिसली. तोंड नव्हतं. जिथं तोंड असायचं तिथं मळकं धुकं. 

"काय गो, अशी काय बघतंस?" धुक्यातून आवाज आला.

"काय नाय. बसा, पेज वाढते."

तिने पेजेची पळी पुढे केली आणि ऊन ऊन पेज आत्मारामच्या हातावर ओतली. थाळी वीतभर बाजूला होती. तो ओरडला नाही. भाजलेला हात पाण्यात बुडवून तिच्याकडे बघत राहिला.

"किती दिसापासून?" त्याने विचारलं.

जनीने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

रत्नागिरीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाहेरगावाहून डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरीण यायच्या. ऋजुता त्यांचं नाव, वयाने विनोदएवढ्या. त्यांनी औषध घालून बाहुली मोठी केली, एका यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली, आतला फोटो काढला. मग चौकटी चौकटींचा एक कागद जनीच्या हातात दिला आणि डावा डोळा झाकायला सांगितला.

"मधल्या ठिपक्याकडे बघा, मावशी. रेघा कशा दिसतात?"

"ठिपका नाय दिसत. रेघा मधे आत ओढलेल्या हायत. कडेला पोट आल्यासारख्या. कोणी काढल्यान अशा वाकड्या?"

"रेघा सरळ आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "छापील कागद आहे. तुम्हाला तशा दिसतायत."

जनीने कागद खाली ठेवला नाही. ती त्या रेघांकडे बघतच राहिली. शेजारच्या स्टुलावर आत्माराम बसला होता. त्याचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता.

डॉक्टरांनी फोटो समोर धरून समजावलं. डोळ्याच्या आत पाठीमागे एक नाजूक पडदा असतो. त्याच्या अगदी मधल्या जागेने आपण माणसाचं तोंड ओळखतो, सुई ओवतो, रेघ बघतो. डोळ्यात अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखं दाट पाणी भरलेलं असतं. वय झालं की ते आकसतं आणि पडद्यापासून सुटतं. बहुतेकांचं अलगद सुटतं. जनीच्या डोळ्यात ते मधल्या जागेला चिकटून राहिलं आणि ओढून ओढून तिथं भोक पडलं.

"धुरानं झालं काय?"

"नाही. धुरानं नाही, कामानं नाही. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही."

हे ऐकून जनीने मान दुसरीकडे वळवली.

शस्त्रक्रिया करावी लागेल, डॉक्टर म्हणाल्या. आतलं दाट पाणी काढायचं, पडद्यावरची पातळ साय सोलायची आणि डोळ्यात वायू भरायचा. त्या वायूचा बुडबुडा भोकावर दाबून बसला की ते बुजतं. पण बुडबुडा वर जातो, आणि भोक डोळ्याच्या मागच्या भिंतीला. म्हणून शस्त्रक्रियेनंतर निदान आठवडाभर तोंड खाली ठेवायचं. जेवताना खाली, झोपताना पालथं, बसताना खाली. उताणं निजायचं नाही. बुडबुडा विरेपर्यंत घाट चढायचा नाही, विमानात बसायचं नाही.

"विमानात कशाला बसतंय मी," जनी म्हणाली. "लावणी झाल्यावर करूया."

"थांबलात तर भोक मोठं होतं. मग बुजणं कठीण. तुमचा दुसरा डोळा आधीच मंद आहे, मावशी."

"लावणी माझी मी बघतो," आत्माराम म्हणाला. परतीच्या एसटीने हातखंबा गाव मागे टाकलं. मग तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "लवूला सांगाया हवा."

"सांगू की. आधी डोळा तर होऊ दे. आंधळी झाली म्हणून पाया पडाया आली, असा नको व्हायला."

"मला सरळच दिसत व्हता गडगा. तवाच बोलाया हवा व्हता मी."

"मग का नाय बोललात?"

 बसमध्ये पावसाची झड येत होती, आत्मारामने तिच्या अंगावर टॉवेल पसरला.

शस्त्रक्रियेच्या वेळी तिला पूर्ण झोपवलं नाही. डोळ्याशेजारी सुई टोचून डोळा बधिर केला आणि तोंडावर कापड ओढलं. दुखत नव्हतं. पण आत उजेड हलताना दिसत होता, आणि गढूळ पाण्यात कोणी काडी ढवळावी तसं काहीतरी फिरत होतं. हलायचं नाही म्हणून तिने दोन्ही मुठी आवळून धरल्या होत्या. लावणीत वाकून वाकून कंबर भरली की जसा माणूस फक्त रोपांच्या पुढच्या मुठीचा विचार करतो, तसा ती फक्त पुढच्या श्वासाचा विचार करत होती. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा उजव्या डोळ्याला हाताची नुसती हालचाल कळली. "बुडबुडा आहे तोवर असंच," डॉक्टर म्हणाल्या आणि डोळ्यात वायू आहे असं लिहिलेला एक पट्टा मनगटावर बांधला.

आत्मारामने घरच्या खाटेच्या उशाकडच्या नवारपट्ट्या सोडून तिथं मोकळी जागा केली. जनी पालथी निजली की तिचं तोंड त्या फटीतून खाली लोंबे. खाली पाट, पाटावर थाळी. डाव्या मंद डोळ्याला इतक्या जवळून सारवलेली जमीन दिसे, मुंग्यांची रांग दिसे, येणाऱ्या माणसाचे पाय दिसत. मान आखडून जाई. छाती दबे. तोंडाला सूज आली. कपाळावर नवारीचे वळ उठले. लघवीला जाताना आत्मारामचा दंड धरून, मान खाली घालून ती चाले, जसं काही मोठं पाप केलंय.

"जन्मभर वाकून लावणी केलीस," आत्माराम थट्टा करायला गेला, "आता ही आडवी लावणी."

तिला हसू आलं नाही. त्यालाही आलं नाही.

तो सकाळी डोळ्यात थेंब घाली, पेज ठेवी, आणि मळ्यावर जाई. भाड्याचा पॉवर टिलर फिरवून चिखल करून घेतला होता, पण लावायला हात नव्हते. वाडीतल्या बाया लवूच्या बाजूने होत्या किंवा आपापल्या लावणीत होत्या. दुपारी आत्मारामचे पाय फटीखाली येऊन उभे राहत, गुडघ्यापर्यंत चिखल, एक पाय थरथरणारा. तरवा मोठा होत चालला होता, त्याला गाठी धरायला लागल्या होत्या. विनोदला रजा मिळत नव्हती. जनी विचारी, "किती झाला?" तो म्हणे, "होतोय." आवाजावरून तिला कळे की होत नाहीय.

एका दुपारी पडवीत पावलं वाजली. आत्मारामची नव्हती. खाटेखालच्या तुकड्यात दोन पाय आले. भेगाळलेल्या टाचा, जोडवी, डाव्या अंगठ्याचं नख उभं चिरलेलं. ते नख पहारीने चिरलं तेव्हा जनीनेच हळद दाबली होती.

आनंदीने वाकून पाटावर वाटी ठेवली. "कुळथाचं पिठलं हाय. भाऊजी एकटेच राबतायत, चुलीकडे बघाया कोण नाय, म्हणून आणलं. खावा."

'खावा.' जनीने वाटीला हात लावला नाही. आनंदीचे पाय वळले.

"आनंदी, थांब."

पाय थांबले.

जनीला तिचं तोंड दिसत नव्हतं. वर बघायची मुभा नव्हती. जे बोलायचं ते त्या चिरलेल्या नखाला बोलायचं होतं.

"गडगा सरळ व्हता," ती म्हणाली. "माजा डोळा वाकडा व्हता. डॉक्टरणीने कागदावर रेघा दाखवलान, त्या पण मला वाकड्याच दिसल्या. लवूने काय चोरलान नाय."

 आनंदीच्या अंगठ्याने जमिनीत एक खळगा केला.

"कधी कळला तुमाला?"

"दवाखान्यात गेलो तवा. लावणीआधी."

"आणि आता सांगताव?"

जनीने खाटेची कड धरली.

"आठवडा झाला," आनंदीचा आवाज चिरकला, "ह्यांनी गडगा मोडलान. भर पावसात. रोज नांगर धरला की कानात चोर चोर वाजता म्हणतात. सगळे दगड उचलून आमच्या मळ्यात सरकवलान, दोन हात आत. जेवढा तुमी वाकडा म्हणत व्हताव त्याच्या दुप्पट. म्हणालान, घ्या, आता पोट भरलं असंल. पाठीत लचक भरून चार दिस निजून व्हते घरात. भाऊजींनी बघितलान, ते पण काय बोलले नाय. तुमच्या घरात कोणाला तोंडच नाय!"

पाय निघून गेले. वाटी तशीच राहिली. जनीच्या डोळ्यांतून पाणी आलं ते गालावर आलंच नाही. सरळ खाली, पाटावर, पिठल्यात, टप टप पडत राहिलं. डोळे पुसायलाही डॉक्टरांनी हात लावू नका म्हटलं होतं.

संध्याकाळी आत्मारामचे पाय आले. "गडगा मोडलान ते मला का नाय सांगितलात?" तिने विचारलं.

"तू उठून बसली असतीस. डोळा गेला असता तुजा."

"बसले असते तर बसले असते."

तो भिंतीला टेकून खाली बसला. त्याचे चिखलाळ हात आता तिला दिसत होते, बोटांच्या बेचक्या पाण्याने कुजून पांढऱ्या पडलेल्या. 

सकाळी आत्माराम मळ्यात पोचला तेव्हा आनंदी आधीच चिखलात उभी होती. इरलं डोक्यावर, तरव्याच्या मुठी बाजूला. तिच्याबरोबर वाडीतली दर्शनाही होती. दुपारी पाय पुन्हा खाटेशी आले. चिखल आता त्या पायांनाही लागला होता.

"अर्धा मळा झाला," आनंदी म्हणाली. "खाल्लंस काय?"

जनीने खाल्लं नव्हतं. तिने वाटी ओढली आणि पालथ्या तोंडाने घास घेतला. आनंदीने तेलाचा हात तिच्या आखडलेल्या मानेवर ठेवला आणि जोराने चोळला. दुखत होतं. जनीने दुखू दिलं.

"लवूला धाड," ती म्हणाली.

"मी सांगितलं सगळा. येत नाय म्हणतात."

तो आला नाही. लावणी सरली, जनीची मान खाली ठेवायची मुदत सरली, तरी आला नाही. उठून बसल्यावर तिला सगळं हलत होतं. उजव्या डोळ्यात बाटलीतल्या पाण्यासारखी एक काळी रेघ डुचमळे. दिवस गेले तशी ती रेघ खाली खाली गेली, मग नुसता एक गोल बुडबुडा उरला, मग तोही विरला. गौरीगणपतीला लवू थोरल्या घरी आला, आरतीला उभा राहिला, प्रसाद घेतला. जनीने हाक मारली तेव्हा तो गर्दीतून निघून गेला होता.

भाद्रपद संपता संपता दवाखान्यात फोटो काढला. "भोक बुजलं," डॉक्टर ऋजुता म्हणाल्या, आणि जनीने पहिल्यांदा त्यांचं नाक बघितलं. "नजर हळूहळू येईल, महिने लागतील. पण पहिल्यासारखी पुरी नाही येणार. रेघांना थोडा बाक राहील. पुढे मोतीबिंदूही होईल, तेव्हा या."

दिवाळीआधी भात झोडून झालं. मळे कोरडे पडले. जनी सकाळी उठली आणि आप्पा गावकारांकडे गेली. "सहाणेवर माणसं बोलवा," ती म्हणाली. आप्पांनी बोलावली. पण आता चाकरमानी नव्हते. सहाणेवर म्हातारी माणसं, पाच-सात बाया, एक कुत्रा. लवू आला तो कडेला, पिंपळाला टेकून उभा राहिला.

जनी उभी राहिली. मे महिन्यात आवाज कसा खणखणीत निघाला होता. आता शब्द जड झाले होते. "मी लवूला चोर म्हणाले ते खोटं व्हता. दोष माज्या डोळ्यात व्हता. आणि कळल्यावर पण मी गप्प राहिले, तो दोष डोळ्याचा नाय, माजा." तिने पदर पुढे घेऊन हात जोडले.

 आप्पांनी घसा खाकरला.

"झाला?" लवू म्हणाला. "ऐकणारे सगळे मुंबयला गेले, वैनी. ते तिकडे सांगत असतील, लवू चोर हाय म्हणून. त्यांना कोण सांगणार?"

"विनोदला सांगितलाय मी. तो तिकडे आपल्या गावच्या मंडळाच्या बैठकीत सगळ्यांपुढे बोलणार हाय. शिमग्याला माणसं येतील तवा मी परत उभी राहीन."

लवूने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही, आणि तो चालता झाला.

दुसऱ्या दिवशी जनी मळ्यावर गेली. लवूने आत सारलेला गडगा सकाळच्या उन्हात उभा होता, घाईने रचलेला, जागोजाग फटी. आत्मारामने जुन्या जागी दोन खुंट्या ठोकल्या आणि दोरी बांधली. मग दोघं दगड काढायला लागली. त्याचे गुडघे कुरकुरत होते, तिला वाकलं की डोळ्यात ठणका लागे. पाचसहा दगड हलवून दोघं बांधावर टेकली आणि एकमेकांकडे बघत धापा टाकत राहिली.

लवू मागून कधी आला ते कळलं नाही. त्याने कुदळ बांधावर टाकली.

"डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने दगड उचलायचे नसतात," तो आत्मारामकडे बघून म्हणाला. "तुला येवढी अक्कल नाय, दादा?"

आत्माराम बाजूला सरकला. लवूने एक एक दगड उचलायला सुरुवात केली. कंबरेवर हात ठेवून मधेच थांबायचा, पाठ अजून पुरी बरी नव्हती. आनंदी पाण्याची कळशी घेऊन आली आणि तीही लागली. ऊन चढलं.  पाया भरला तेव्हा लवूने दोरी पुन्हा कसली, तिच्या एका टोकाशी उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून बघितलं. मग उठून जनीला म्हणाला, "वैनी, हिकडं या. तुमी बघा. सरळ हाय?"

जनी त्याच्या जागी बसली. डावा डोळा झाकला. दोरी तिच्यापुढे लांब गेली होती. मधे, जिथं ती सरळ जायला हवी, तिथं अजून एक बारीक बाक दिसत होता, तिच्या मळ्याच्या बाजूला.

"मला जरा वाकडी दिसते," ती म्हणाली. "तू घाल."

लवूने दगड उचलला.